जुनी अवजारं जमली, आता गावात शेतीचं खुलं संग्रहालय कसं करावं?

सातारा जिल्ह्यातल्या एका गावच्या तरुण मंडळाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ग्रामपंचायत वीस गुंठे जागा द्यायला तयार आहे. नांगर, कुळव, पाभरी, जाती, दोन बैलगाड्या आणि विहिरीचं पाणी बैलांनी ओढायची एक मोट असा बराच ऐवज घरोघरून जमलाय. शिवाय एका जुन्या वाड्याचा मालक वाडा सोडायला राजी आहे. तो वाडा उतरवून नव्या जागेवर उभा करावा का, कोल्हापूरजवळच्या कणेरीच्या संग्रहालयासारखे पुतळे करावेत का, आणि सुरुवात कुठून करावी? जुनं लाकूड आणि शेतीची अवजारं जतन करण्यातच माझी नोकरीची सगळी वर्षं गेली, त्यामुळे उत्तर जरा लांबणार.

आधी वाड्याचं बोलू. तो उभा राहण्यासारखा असेल तर उतरवू नका.

घरं हलवून खुलं संग्रहालय करायची पद्धत युरोपातून आली. स्वीडनमध्ये आर्टुर हाझेलियस यांनी 1891 मध्ये स्टॉकहोमला स्कान्सेन सुरू केलं. देशाच्या निरनिराळ्या भागांतली शेतघरं उकलून आणायची आणि एका टेकडीवर पुन्हा उभी करायची, हा त्याचा पाया. ते तिथे जमलं, कारण तिकडची बहुतेक घरं ओंडक्यांवर ओंडके रचून केलेली. खुणा घालून उकलली की तशीच परत रचता येतात. आपल्या वाड्यात लाकडाचा सांगाडा तेवढा उकलतो. पांढऱ्या मातीच्या भिंती, चुन्याचा गिलावा, शेणाने सारवलेली जमीन यांतलं काहीच हलत नाही. नव्या जागी जे उभं राहतं ते जुने खांब-तुळया घातलेलं नवं घर. ते वाईट असतं असं नाही. चेन्नईजवळ मुट्टुकाडूला 1996 साली खुल्या झालेल्या दक्षिणचित्रमध्ये दक्षिणेतली जुनी घरं अशीच आणून उभी केली आहेत, आणि बघण्यासारखी आहेत. पण त्यामागे एक मोठी संस्था आहे, वास्तुरचनाकार आहेत, रोज काम करणारे सुतार-गवंडी आहेत.

इंग्लंडमध्ये ससेक्समधल्या वील्ड अँड डाउनलँड संग्रहालयात बेलीफ नावाचं एक मध्ययुगीन शेतघर आहे. ते केंटमध्ये होतं आणि तिथे जलाशय होणार म्हणून 1960 च्या दशकाच्या शेवटी उकलून आणलं. घर जागेवर वाचणारच नसेल तेव्हाच हलवायचं, असा तिथला दंडक. तुमच्या वाड्यावर धरणाचं पाणी येत नाहीये, छप्पर गळतंय. गळकं छप्पर दुरुस्त होतं. वाडा गल्लीत आहे, शेजारी चावडी आहे, मागे विहीर आहे. त्याची निम्मी गोष्ट त्या जागेत आहे. पावसाळ्याआधी कौलं चाळा, मोडलेल्या वाशांना टेकू द्या, भिंतींच्या पायाशी पाणी साचतंय तिथे चर काढा. वस्तू वाड्यात राहू द्या. वीस गुंठे म्हणजे अर्धा एकर, ते काम करून दाखवायला ठेवा.

मालक उद्या जेसीबी लावणारच असेल तर गोष्ट वेगळी. मग तुळई हलवण्याआधी प्रत्येक खोलीचा मापासहित नकाशा, चारही बाजूंचे फोटो, आणि प्रत्येक लाकडावर क्रमांक कोरलेली पत्र्याची चकती. खडूचे आकडे एका पावसात जातात. चकतीवरचा क्रमांक आणि नकाशावरचा क्रमांक एकच हवा. आणि एवढं करूनही लाकूड रचून ठेवायला आधी पक्की शेड हवी, नाहीतर दोन वर्षांत सागवान जळणाच्या भावाने विकलं जातं. जुन्या वाड्यांची वाट बहुधा अशीच लागते.

इथेच आणखी एक सांगून टाकतो, कारण मंडळाच्या पत्रात 'पुढे मराठवाड्यातलं धाब्याचं घर आणि कोकणातलं घरही करू' असं वाक्य आहे. मातीच्या धाब्याचं, म्हणजे सपाट छपराचं घर कमी पावसाचं घर असतं. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, सोलापुरात त्याच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास. तुमच्या गावात यांच्यामधलं काहीतरी असेल. परक्या हवेतलं घर दरसाल दुरुस्त करत बसावं लागतं. भोपाळच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालयाने यावर चांगला मार्ग काढला. त्यांनी त्या त्या समाजातल्या लोकांनाच बोलावून घरं बांधून घेतली. घर बांधणाऱ्याचं ज्ञान त्यात आलं. पण त्यांच्याकडे सुमारे दोनशे एकर आहेत आणि मागे केंद्र सरकार आहे. तुम्ही आपल्या गावापुरते राहा.

आता पुतळ्यांचं. कोल्हापूरजवळच्या कणेरी मठातलं सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय महाराष्ट्रात सगळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे 'ग्रामीण संग्रहालय' म्हटलं की डोळ्यापुढे तेच येतं. बारा बलुतेदार, आठवडी बाजार, मळणी, न्हावी, वैद्य, सगळं माणसाएवढ्या पुतळ्यांतून. मूर्तिकाम उत्तम आहे आणि शहरातल्या मुलांना एका दुपारी पुष्कळ कळतं. पण ते एकदा झालेलं आहे, मोठ्या प्रमाणावर झालेलं आहे, आणि तुमच्यापासून फार लांबही नाही. तुमचे दहा पुतळे त्याची नक्कलच ठरतील. शिवाय पुतळ्याचा रंग तीन पावसाळ्यांत उडतो, बोटं तुटतात, आणि मग तो गमतीचा विषय होतो.

गंमत म्हणजे हाझेलियस यांनीही सुरुवात पुतळ्यांनीच केली होती. स्कान्सेनच्या आधी, 1873 पासून त्यांचं स्टॉकहोममध्ये बंदिस्त संग्रहालय होतं. त्यात शेतकऱ्यांच्या वेशातले पुतळे मांडून घरातले प्रसंग उभे केले होते. 1878 च्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्या देखाव्यांचं कौतुकही झालं. तरी स्कान्सेनमध्ये त्यांनी खरी घरं, खरी जनावरं आणि त्या त्या भागातल्या वेशातली जिवंत माणसं आणली. पुतळ्याला प्रश्न विचारता येत नाही. मुलाने विचारलं, 'पाभरीला हे चाडं कशाला?', तर पुतळा गप्प. मूठभर ज्वारी चाड्यात सोडून नळ्यांतून खाली फणाच्या मागे पडताना दाखवली की पुढे बोलायचीही गरज उरत नाही. पुतळ्यांचे पैसे गावातल्या चार जाणत्या माणसांच्या मानधनाला ठेवा.

आणि सुरुवात त्या मोटेपासून करा. तुमच्याकडची सगळ्यात मोलाची वस्तू तीच आहे, आणि ती वाया जायला फार वेळ लागणार नाही.

मोट भिंतीवर टांगली की ते एक सुकलेलं, वाकडं कातडं दिसतं. ती चालते कशी हे सांगायला विहीर, धाव (बैलांची उताराची वाट), चाक, कणा (आडवा रूळ), नाडा, सोल (हे दोन दोर), थारोळं (पाणी पडायचं कुंड) आणि बैल एवढा सरंजाम लागतो. जाड नाडा मोटेच्या तोंडाच्या कड्याला बांधलेला, वरच्या चाकावरून जाणारा. बारीक सोल खालच्या सोंडेला बांधलेला, थारोळ्याच्या काठाशी असलेल्या कण्यावरून जाणारा. बैल धावेवरून उतरायला लागले की दोन्ही ओढले जातात. सोल नाड्यापेक्षा आखूड असल्यामुळे सोंड दुमडून वर धरलेली राहते आणि पाणी सांडत नाही. मोट काठाशी आली की सोंड कण्यावरून बाहेर खेचली जाते, पसरते, आणि पाणी आपोआप थारोळ्यात पडून पाटाला लागतं. विहिरीच्या तोंडाशी पाणी ओतायला दुसरा माणूस लागत नाही. नाडा आणि सोल यांच्या लांबीतला फरक किती ठेवायचा, यातच सगळी अक्कल आहे. जरा चुकलं की पाणी परत विहिरीत. तो हिशेब कुठल्या पुस्तकात बघू नका, गावात ज्याने मोट धरली आहे त्याला विचारा. इंजिनं आणि विजेचे पंप आल्यावर मोटा बंद पडल्या, त्यामुळे ही माणसं आता सत्तरी-ऐंशीच्या पुढची आहेत. वाडा पाच वर्षं थांबेल. ही माणसं थांबतीलच असं नाही.

म्हणून पहिलं काम शेड बांधायचं नाही, मोबाईल घेऊन बसायचं. मोटेच्या प्रत्येक भागाला तुमच्या गावात काय म्हणतात, दोर कशाचा वळायचे, पाळी कशी लावायचे, उतरताना नाड्यावर बसायचे का, बैल मागे सरायला कसे शिकवायचे, दिवसाला किती वाफे भिजायचे, मोटेवर काय गायचे, सगळं ध्वनिमुद्रित करा. हातात वस्तू देऊन विचारा. नुसतं 'जुन्या आठवणी सांगा' म्हटलं की माणसं 'तेव्हाचं खाणंपिणं चांगलं होतं' एवढंच सांगतात. नांगराचं जुनं रुमणं मुठीत आलं की खरी माहिती येते. बायकांकडे जात्यापाशी बसून विचारा. गी पॉइटेव्हिन आणि हेमा राईरकर यांनी त्यांच्या सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. जाती अजून घराघरांत पडलेली सापडतील. ती ओढताना म्हटलेलं मात्र कोणीतरी बसून टिपलं म्हणूनच आज आपल्याकडे आहे.

पुन्हा मोट चालवून दाखवायची असेल तर जुनं कातडं पाण्यात घालू नका, ते फाटेल. जुनी मोट जपून ठेवा आणि चालवायला पत्र्याची करून घ्या. मागच्या काळात पत्र्याच्या मोटाही पुष्कळ ठिकाणी होत्याच, त्यामुळे ती खोटी नाही. बैलांचं मात्र नीट विचार करून ठरवा. आजच्या बैलाला मागे सरत धाव चढायची सवय नसते, ती हळूहळू लावावी लागते. आणि बैल संग्रहालयाचे म्हणून विकत घेऊ नका. वैरण, पाणी, डॉक्टर हे रोजचं असतं, पाहुणे फक्त रविवारी. ज्याच्या दावणीला खिलार जोडी आहे त्या शेतकऱ्याला दिवसाच्या भाड्याने बोलवा. विहिरीला कठडा आणि बघ्यांसाठी लांबून आडवं बांबूचं कुंपण, हे पहिल्याच दिवशी हवं.

मोटेपाशी आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी, आणि बहुतेक ग्रामीण संग्रहालयं ती गाळतात. एका मोटेला किती हात लागायचे पाहा. कातडं कमावायचे ढोर समाजातले लोक, मोट शिवायचे चर्मकार, नाडा-सोल वळायचे मातंग, चाक आणि कणा सुताराचा, कडं लोहाराचं. यांतल्या काहींना त्याच विहिरीवर पाणी प्यायची मुभा नव्हती. बलुतेदारीचा देखावा करताना सगळे हसतमुख दाखवून 'किती छान एकोपा होता' अशी पाटी लावली तर ते संग्रहालय खोटं बोलतं, आणि गावातली निम्मी माणसं ते ओळखतात. महार वतनाच्या वेठीविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबईच्या विधिमंडळात विधेयक आणलं होतं. कनिष्ठ ग्रामवतनं रद्द करणारा कायदा व्हायला 1958 उजाडलं. हेही शेतीच्याच इतिहासात येतं. त्या वस्त्यांतल्या लोकांना वस्तू मागायला तर जाच, पण कार्यकारी समितीतही घ्या. पाटी कशी लिहायची हे ते सांगतील.

आता काय घ्यायचं आणि काय नाही. इंग्लंडमधल्या बीमिश संग्रहालयाचे संस्थापक फ्रँक ॲटकिन्सन यांचं धोरण होतं, लोक देतील ते सगळं घ्यायचं. त्यांनी खरोखर तसं केलं आणि गोळा झालेल्या वस्तूंनी एका लष्करी छावणीतल्या बराकी भरून टाकल्या. त्यातून पुढे मोठं संग्रहालय उभं राहिलं. तुमच्याकडे बराकी नाहीत. तुमच्या यादीत एकोणीस नांगर दिसतात. त्यातले दोन-तीन ठेवा: एक शाबूत, एक दुरुस्त्या केलेला, एक मुलांना हात लावायला. दुरुस्तीचा नांगर मला नेहमी जास्त बोलका वाटतो. कुठे बाभळीची पट्टी ठोकली, कुठे तारेने आवळलं, यावरून घरची परिस्थिती कळते.

आणि 'जुनं' म्हणजे फक्त लाकडी, असं धरू नका. ही चूक जवळपास सगळे करतात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 च्या सुमारास बेळगावात लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडाने जमीन बिघडते म्हणून शेतकरी तो घ्यायला तयार नव्हते. 1910 मध्ये औंध संस्थानाने दिलेल्या माळावर कारखाना हलला आणि किर्लोस्करवाडी वसली. ती तुमच्यापासून एका दिवसात जाऊन येण्यासारखी आहे. लाकडी नांगराच्या शेजारी लोखंडी नांगर मांडला तर शेती बदलली कशी हे दिसतं. पुढे तेलाचं इंजिन, संकरित ज्वारीच्या बियाण्याची पिशवी, साखर कारखान्याच्या शेअरची पावती, 1972 च्या दुष्काळातलं खडी फोडायचं सामान, मस्टर, सुकडीचं भांडं, हे सगळं मागा. दुष्काळी कामांवर गेलेली आणि मिलो ही परदेशी ज्वारी खाल्लेली माणसं गावात अजून आहेत. रोजगार हमी तिथूनच उभी राहिली. लाकडी कुळव कुठल्याही गावात सापडेल. बहात्तरचं हजेरीचं कार्ड कोणीच जपत नाही, ते तुम्ही जपा.

काही वस्तू मात्र दारातच थांबवा. सांबराची शिंगं, वाघाची नखं, कातडी कोणी हौसेने आणून देईल. वन्यजीव कायद्याखाली ती बाळगणं मंडळाच्या अंगाशी येतं. देवळापाशी पडलेले वीरगळ (वीरांच्या स्मरणाचे कोरीव दगड) उचलून संग्रहालयात आणू नका, जागेवरच राहू द्या आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. खोदताना नाणी किंवा दागिने सापडले तर ती थेट जिल्हाधिकाऱ्यांना कळवायची बाब आहे.

वस्तूंची निगा फार अवघड नाही, पण उलटसुलट प्रेमाने वस्तू मरतात. पहिली गोष्ट, ऑइल पेंट आणि व्हार्निश लावू नका. मुठीच्या जागी हाताने घासून आलेली झळाळी हाच त्या लाकडाचा इतिहास आहे, रंगाखाली तो जातो. कोरड्या कुंच्याने धूळ काढा, बस्स. जवसाचं तेल चोपडायची पद्धत आहे. त्याने लाकूड चिकट होतं, धूळ धरतं आणि तेलाचे बोळे एकत्र टाकले तर आपोआप पेट घेऊ शकतात. लोखंडाचा सुटा गंज मऊ ब्रशने काढून मेणाचा पातळ हात पुरे. ग्राइंडर अजिबात लावू नका.

लाकडाला भोकं दिसली की लगेच औषध मारू नका. आधी कीड जिवंत आहे का ते पाहा. वस्तूखाली काळा कागद पसरून आठवडाभर ठेवा, त्यावर ताजा भुसा पडला तर आत किडा आहे. अशी वस्तू आधी बाजूला काढा, नाहीतर शेजारच्या वस्तूंनाही लागण होऊ शकते. छोटी वस्तू कापडात गुंडाळून, काळ्या प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून उन्हाळ्याच्या कडक उन्हात ठेवली तर आतली उष्णता किडा मारते. रंगवलेल्या किंवा चिकटवलेल्या वस्तूला मात्र हे करू नका. वाळवीसाठी सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे कुठलंही लाकूड जमिनीला टेकू न देणं. दगडावर ठेवा, भिंतीपासून हातभर लांब ठेवा, म्हणजे मातीची वाट चढताना दिसेल.

बैलगाड्या उघड्यावर ठेवू नका. 'खुलं संग्रहालय' हे ऐकून लोक गाड्या प्रवेशद्वाराशी शोभेला मांडतात आणि दोन पावसाळ्यांत चाकाचे लाकडी पुट्टे कुजून त्यावरची लोखंडी धाव सुटते. शेडमध्ये आखाखाली लाकडी टेकू लावून चाकं जमिनीवरून दोन बोटं उचला. चाकं अधूनमधून हाताने फिरवली की भार एकाच आऱ्यावर राहत नाही. कणगी जुनी असेल तर नव्याने सारवू नका. सारवलेली कणगी दाखवायची असेल तर बुरूड कारागिराकडून नवी विणून घ्या. ती विणतानाचा दिवस हाच एक कार्यक्रम होतो.

कार्यक्रम ऋतूला धरून ठेवा, बारमाही देखावा नको. शाळांच्या सहली डिसेंबर-जानेवारीत येतात. त्या वेळी हुरडा असतो, गुऱ्हाळ असतं. काहील, चुलवण, गुळव्या आणि गरम काकवी असली की बाकी काही नसलं तरी चालतं. ज्वारीची मळणी त्यानंतर: खळं, तिवडा, बैलांची पात, वावडीवर उभं राहून उपणणी. जूनमध्ये पाभर. बेंदराला गाड्या. मधल्या काळात संग्रहालय बंद असलं तरी बिघडत नाही. वर्षातून सहा दिवस खरं काम दिसावं, तीनशे दिवस धूळ खात पडलेल्या वस्तू दाखवण्यापेक्षा ते बरं. गोव्यात बाणावलीला व्हिक्टर ह्युगो गोमेस यांचं गोवा चित्र आहे, ते एकदा सगळ्या मंडळाने बघून या. पाडलेल्या जुन्या घरांची दारं-खिडक्या वापरून इमारत केली आहे, आत शेती आणि कारागिरीची हजारो अवजारं आहेत. एका माणसाने चिकाटीने केलेलं काम आहे, तुमच्या आकाराला ते कणेरीपेक्षा जवळचं पडेल.

शेवटी कागद. एक जाड नोंदवही घ्या, पानांना आकडे घाला. प्रत्येक वस्तूला एक क्रमांक, तोच वस्तूवर न दिसणाऱ्या जागी. देणाऱ्याचं नाव, घर, वस्तू कोणी केली, शेवटची कधी वापरली, माप, फोटो. संगणकावर प्रत ठेवा, पण मूळ वही हवीच. वस्तू घेताना देणगीपत्रावर सही घ्या, 'कायमची दिली' की 'सांभाळायला दिली' हे स्पष्ट लिहून, दोन प्रतींत, एक त्यांच्याकडे. घरात वाटण्या झाल्या की धाकटा भाऊ गाडी परत मागायला येतो, तेव्हा हेच पत्र कामाला येतं. तीच गत जागेची. सरपंचांनी तोंडी दिलेली जागा पुढच्या निवडणुकीत जाते. ग्रामसभेचा ठराव, मग रीतसर भाडेपट्टा, आणि त्यात संग्रहालय बंद पडलं तर वस्तू कोणाकडे जातील हेही लिहिलेलं. ठरावाची प्रत हातात येईपर्यंत त्या वीस गुंठ्यांत एक खांबही रोवू नका. तोवर वाड्याची कौलं चाळून घ्या आणि मोट धरलेल्या म्हाताऱ्यांकडे बसा.